उतराई

पुलाच्या अलीकडं टप्पा नऊ, पलीकडं दहा.
मधे गंगा. तिला टप्पा नाही.
मशीनवर बोट दाबलं की निघतं
पाच रुपयांचं अंतर,
जे माझा बाप, केरबा भोई,
दीड चिलमीत तोडायचा.

रोख पैसा कमीच.
सुगी झाली की दोन्ही काठांच्या खळ्यांवर पोतं घेऊन जायचं,
घरामागं पायली जवारी.
हिशोब नावेच्या आतल्या फळीवर, कोळशानं:
उभी रेघ माणूस, आडवी जनावर,
फुली म्हणजे बाळंतीण, तिचं घ्यायचं नाही.
मढ्याचं बी नाही.
नवरीचा मात्र नारळ आणि खण.
आईच्या पेटीत एकवीस खण होते,
एकाचीही चोळी शिवली नाही तिनं.

काय काय उतरवलं आमच्या घरानं:
मिठाची पोती, उन्हात पाझरणारी
(आम्ही पोरं मग फळी चाटायचो),
महेबूब कासाराची बांगड्यांची पेटी, भातेणात गुंडाळलेली,
सुंदरलालचा ग्रामोफोन, एका खेपेत पेटी, दुसऱ्या खेपेत कर्णा,
मतपेट्या, आणि त्यांच्यावर डोळे मिटून बसलेला शिपाई.
आणि पाण्याला भिणारा एक मास्तर.
नावेची कड त्यानं काठ लागला तरी सोडली नाही,
आणि पहिल्याच तासाला
आम्हाला महासागर शिकवले.

त्या सांजेला मी घरी सांगितलं,
समुद्राला पलीकडचा काठ दिसत नाही.
बाप सांध्यात काथ्या ठोकत होता.
काथ्या कोकणातून यायचा, बाप कधी गेला नाही.
हात थांबवून म्हणाला,
'मग पल्याडून हाळी कोण देतं?'

कारण आमचा दिवस घड्याळावर नव्हता, हाळीवर होता.
ओ नाववालेऽऽ
की भाकर अर्धी, झोप अर्धी, भांडणही अर्धंच.
आई म्हणायची, ह्या माणसाला पोटभर जेवून उठलेला
मी एकदाच पाहिला,
पुराच्या चार दिवसांत,
तेव्हाही कान नदीकडंच.

धुरपती त्या पुराच्या उतारात निघाली माहेरी
आणि ऐन धारेत बाळंत झाली.
अलीकडचा पोलीस पाटील म्हणाला, आमच्या हद्दीत नाही.
पलीकडचा म्हणाला, आमच्याही.
नोंद फक्त फळीवर झाली:
फुली, आणि तिच्या पोटात एक बारकी रेघ.
परवा तो गाडीत होता. चाळिशीपुढचा, हातात खताची पावती.
कुठं? विचारलं.
'पुलापर्यंत,' म्हणाला,
मग हसला, 'नाही, पुढचं द्या.'

पूल झाला त्या साली नाव वाळूवर पालथी घातली.
उन्हानं फळ्या उकलल्या, रेघा गेल्या,
उरलेल्या बुडात म्हशीला आंबोण.
बाप पुलावरून एकदाच चालला.
मधोमध बराच वेळ उभा.
लोक सांगतात, रडला.
मी शेजारी होते. तो खांब मोजत होता,
दोन खांबांत वल्ह्याचे किती हात बसतील.
'अकरा,' म्हणाला. 'पाणी असलं तर.'

अजून गाडी पुलावर आली की
खिडक्यांतून हात निघतात, कपाळाला लागतात,
आणि रुपया, दोन रुपये खाली जातात.
बाप म्हणायचा, बघ, उतराई बंद झालीच नाही,
फक्त आपल्या हातात येईना.

चैतापासून खाली पाणी नसतं.
वाळूची हायवा, चाकांच्या घळी, एक डबकं.
नाणं पडलं तर आवाजसुद्धा होत नाही.
भोईवाड्यातली पोरं
फुटक्या स्पीकरचा चुंबक सुतळीला बांधून
डबक्यातून ओढत असतात,
त्यात माझा भाचाही, लिंबाजी.
जुनं तांबं चुंबकाला लागत नाही, सांगतो तो,
ते खालीच राहतं.

काल तो शाळेसाठी गाडीत चढला.
दोन रुपयांची तीन नाणी माझ्या हातावर ठेवली,
वाळू लागलेली, ओली.
मी तिकीट दिलं, एक रुपया परत केला.
लतीफ ड्रायव्हरनं तिसऱ्या खांबाशी वेग कमी केला, रोजच्यासारखा.
पोरानं तो रुपया मुठीत धरला,
खिडकीकडं पाहिलं,
आणि खिशात टाकला.